संस्था विकत घेऊ नका, दप्तर उघडा

पत्र (थोडक्यात) : आम्ही आठ जण शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तीन पाड्यांवर संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. मी निवृत्त शिक्षिका, बाकीच्यांत दोन शिक्षक, एक नर्स, एक किराणा दुकानदार. मुलं ६०. दिवाळीनंतर निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. शिकवणाऱ्या तीन मुलींना महिना हजार रुपये देतो. गेल्या वर्षी १,४०,००० रुपये लागले. त्यातले ८०,००० एका कापूस व्यापाऱ्याने दिले. आता एक गृहस्थ म्हणतात, २५,००० द्या, जुनी नोंदलेली संस्था तुमच्या नावावर करून देतो, लगेच सीएसआर (कंपन्यांचा समाजकामाचा पैसा) मिळेल. माझे यजमान बँकेतून निवृत्त झालेत, पैशाचं तेच बघतात. भाचा दुबईहून पैसे पाठवायला तयार आहे. काय करावं?
– एक वाचक, शहादा

ताई,

आधी त्या गृहस्थांचं बघू. पंचवीस हजार देऊ नका, पाच मागितले तरी देऊ नका.

‘तयार संस्था’ म्हणजे बहुतेक वेळा बंद पडलेली संस्था. जुनी मंडळी राजीनामे लिहून देतात, त्यांच्या जागी तुमची नावं घालून धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (नोंदीतला बदल कळवणारा अर्ज) टाकला जातो. दिसायला सोपं. पण प्रमाणपत्राबरोबर त्या संस्थेचे दहा वर्षांचे न भरलेले हिशेबही तुमच्या पदरात पडतात. शिवाय चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत धर्मादायच्या अनुसूची एकवर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात. बँक खातं उघडताना तोच उतारा मागते. आणि एखादा जुना सदस्य ‘मी राजीनामा दिलाच नव्हता, ही सही माझी नाही’ म्हणून उभा राहिला, की मुलांना शिकवायचं सोडून तारखा करत बसायची वेळ येते.

राहिला सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. त्यांचा पैसा घ्यायला संस्थेकडे १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही प्राप्तिकराची दोन्ही प्रमाणपत्रं लागतात, कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो (हे १ एप्रिल २०२१ पासून), आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. कामाचा अनुभव, प्रमाणपत्राचं वय नव्हे. ज्या जुन्या संस्थेने काहीच केलं नाही, तिचे ऑडिट रिपोर्ट कोरेच असणार, मग ती २००५ ची असो की कालची. ‘सीएसआर आणून देतो, दहा टक्के आगाऊ’ म्हणणारेही याच गल्लीतले.

म्हणजे तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा : नोंदणीनंतरची पहिली तीन वर्षं शहादा-तळोद्याच्या पैशावर वर्ग चालेल का? चालला, तर सीएसआर आपल्या पायाने येण्याची शक्यता आहे. नाही चालला, तर कुठलंही प्रमाणपत्र तो वाचवणार नाही.

नोंदणी मात्र कराच. ओळखीतल्या वीस माणसांनी आपणहून दिलेले पैसे वेगळे, आणि पावतीपुस्तक छापून बाजारपेठेत फिरणं किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत दानपेटी ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी धर्मादाय कायद्याच्या कलम ४१-क खाली तात्पुरती परवानगी काढतात, ती यासाठीच. कायम काम असेल तर कायम नोंदणी बरी.

आपल्याकडे तीन वाटा आहेत. सेक्शन ८ कंपनी, म्हणजे ना-नफा कंपनी, तुमच्या आकाराला फार जड, तिची विवरणपत्रं भरण्यातच निम्मा वर्गखर्च जाईल. ट्रस्टला दोन विश्वस्त पुरतात, पण सत्ता दोन-चार हातांत अडकून राहते. तुम्ही आठ जण आहात, म्हणून सोसायटी करा. तिला किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात तिची नोंदणी दुहेरी असते : आधी संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० (हाच धर्मादाय कायदा) खाली. दुसऱ्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. पहिलं प्रमाणपत्र हातात पडलं की झालं, असं समजून पुष्कळ लोक थांबतात. दुसऱ्याचा अर्ज तीन महिन्यांत टाका.

कागद फार नाहीत : सगळ्यांचे आधार-पॅन, संमतिपत्रं, कार्यालयाच्या जागेचा पुरावा, घरमालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल, घटना आणि नियमावली. पत्ता भाड्याच्या गाळ्याचा देऊ नका. गाळा सुटतो, नोटिसा तिथेच जात राहतात, आणि आपल्याला कळतं तेव्हा मुदत टळलेली असते. एखाद्या सदस्याच्या स्वतःच्या घराचा द्या.

घटनेवर मात्र चार संध्याकाळी घालवा. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नमुन्यात गोशाळेपासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत चाळीस उद्देश असतात. तुम्हाला चार पुरेत : शिक्षण, बालआरोग्य, स्थलांतरित कुटुंबांना मदत, आणि या कामांना लागणारं प्रशिक्षण. फार अरुंदही ठेवू नका. ‘शहादा तालुक्यातील तीन पाडे’ असं लिहिलंत, तर चौथ्या पाड्यावरचा खर्च उद्देशाबाहेर जातो. कार्यकारिणीची मुदत, सभेची नोटीस किती दिवस आधी, गणपूर्ती किती, सदस्यत्व कशाने रद्द होईल, हे आकड्यांत लिहा. आणि संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, सदस्यांत वाटली जाणार नाही, हे कलम हवंच. ते नसेल तर १२एचा अर्ज अडतो.

आता तुमच्या यजमानांविषयी. बँकेत आयुष्य काढलेला माणूस खजिनदार म्हणून कोणालाही आवडेल. पण तुम्ही अध्यक्ष किंवा सचिव होणार असाल, तर त्यांना खजिनदार करू नका. प्रश्न त्यांच्या सचोटीचा नाही. चेकवरच्या दोन्ही सह्या एकाच घरातल्या असल्या की देणगीदार तोंडावर काही बोलत नाही, पुढच्या वर्षी देत नाही. आठांत एका घरातलं एकच माणूस असावं. दुकानदार सदस्याला खजिनदार करा. यजमानांना पदाविना अंतर्गत तपासनीस करा, दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांनी कॅशबुक आणि बँक पासबुक जुळवून खाली सही करायची. बँकेत ठराव द्या : तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या. दोघंच ठेवले, तर एक जण बायपासला सुरतेला गेला की दोन महिने मानधन अडकतं.

पदाधिकारी बदलला, पत्ता बदलला, निवडणूक झाली, की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. तीच माणसं पुन्हा निवडून आली तरीसुद्धा. खान्देशातल्या शाळा चालवणाऱ्या जुन्या मंडळांचे जे वर्षानुवर्षं चालणारे वाद आपण ऐकतो, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ हेच : निवडणूक वेळेवर नाही, रिपोर्ट वेळेवर नाही, मग दोन कार्यकारिण्या आणि दोन शिक्के.

पैशाकडे येऊ. तुम्ही अंदाजपत्रक पाठवलेलं नाही, म्हणून तुमच्याच आकड्यांवरून एक मांडून बघू. खाऊचा हिशेब लोक असा करतात : ६० मुलं, २१० दिवस, ताटली ८ रुपये, म्हणजे १,००,८००. हा चुकला. जून ते दिवाळी साधारण १०० दिवस ६० मुलं, म्हणजे ६,००० ताटल्या. त्यानंतर ११० दिवस ३० मुलं, म्हणजे ३,३००. एकूण ९,३०० ताटल्यांचे ७४,४०० होतात. २६,४०० चा फरक. एवढ्या पैशांत तुमच्या तिन्ही शिक्षिकांचं दोन महिन्यांचं मानधन निघतं आणि वर २,४०० उरतात. अर्थात मानधन हजार ठेवलंत तर नव्हे, चार हजार केलंत तर. हजारावर मुलगी एक हंगाम टिकते, पुढच्या कापूस वेचणीला शेतात जाते आणि वर्ग बंद पडतो. पावरी किंवा भिलोरी बोलणारी, त्याच पाड्यावरची, बारावी झालेली मुलगी ही तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. तिच्यावर आधी खर्च करा, फ्लेक्सवर नंतर.

तर मानधन ४,००० प्रमाणे तिघींचं १२ महिन्यांचं १,४४,०००. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वर्ग बंद असतो, पण मानधन द्या. वह्या-पुस्तकं मुलामागे ४०० प्रमाणे २४,०००. पाड्यांवर जाण्यायेण्याचं पेट्रोल १८,०००. सीए आणि विवरणपत्रं २०,०००. सोलर कंदील आणि दुरुस्ती ९,०००. अडीअडचणीला १५,०००. खाऊ धरून ३,०४,४०० झाले. मुलामागे वर्षाला पाच हजारांच्या थोडं वर. हा आकडा पाठ करून ठेवा, देणगीदाराचा पहिला प्रश्न हाच असतो.

जमवायचे मात्र ३,५८,०००. कारण असं की १२ए मिळाल्यावर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च करावा लागतो आणि १५ टक्के विनाअट मागे ठेवता येतो. ३,५८,००० चे १५ टक्के म्हणजे ५३,७००. सहा महिन्यांचं मानधन, ७२,००० रुपये, बाजूला असलंच पाहिजे. या वेगाने ते दीड-दोन वर्षांत जमतं. हे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टातच ठेवा. जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थांनी जळगाव जिल्ह्यात किती घरांचे पैसे बुडवले, हे खान्देशात कोणाला नव्याने सांगायला नको.

व्यापाऱ्याचे ८०,००० हे गेल्या वर्षीच्या खर्चाच्या निम्म्याहून जास्त आहेत. ते उद्या जिल्हा परिषदेला उभे राहिले, तर तुमचा वर्ग त्यांच्या पत्रकात छापला जाईल, आणि नाही म्हणालात तर पैसे थांबतील. कोणाही एकाकडून चौथाईपेक्षा जास्त नको. महिना १०० रुपये देणारी १५० घरं म्हणजे १,८०,०००. वर्षाला ५,००० देणारी २० माणसं म्हणजे १,००,०००. उरलेल्या ७८,००० साठी तो व्यापारी आणि आणखी दोघं-तिघं पुरतात. दीडशे घरं ऐकून घाबरू नका, आठ जणांत वाटली तर प्रत्येकी १९ येतात. मागायची वेळ मात्र चुकवू नका. आपल्याकडे पैसा हंगामाने येतो. कापूस विकला गेला, पपई-केळीचा माल उतरला, तेव्हा दाराशी जा. मे-जूनमध्ये बियाणं-खतांची धावपळ असते, आणि आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, तेव्हा पावतीपुस्तक घरीच राहू द्या. कोणी ‘लाखाचा चेक देतो, नव्वद हजार रोख परत द्या’ म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा. एवढ्या एका व्यवहारावर प्राप्तिकराची नोंदणी जाते आणि खटलाही उभा राहतो.

आता दप्तर. चार वह्या लागतात : इतिवृत्ताची (आपण जिला प्रोसिडिंग म्हणतो), कॅशबुक, पावत्यांची स्थळप्रत, आणि साठा नोंदवही. दुकानदाराने दोन डझन वह्या फुकट दिल्या, तरी त्या साठ्यात चढायला हव्यात. इतिवृत्तात ‘विविध विषयांवर चर्चा झाली’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. असं लिहा :

‘ठराव क्र. ३ : पाडा क्र. २ वरील वर्गासाठी दोन सोलर कंदील घेणे. अंदाजे खर्च ३,२०० रु. दोन दुकानांची दरपत्रके सभेपुढे ठेवली, कमी दराचे मान्य. रक्कम शिक्षण साहित्य खात्यातून. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.’

पानांना छापील क्रमांक असलेली बांधणीची वही घ्या, सुटे कागद नकोत. हजेरीच्या सह्या त्याच दिवशी. वर्षाच्या शेवटी एकाच शाईने मारलेल्या बारा सभांच्या सह्या कोणालाही ओळखू येतात.

पाड्यावरच्या दुकानातून हरभरे, शेंगदाणे-गूळ घेतला की बिल मिळत नाही. हरकत नाही, व्हाउचर करा : तारीख, माल, वजन, दर, रक्कम, घेणाऱ्याचं नाव-गाव, सही किंवा अंगठा. ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीट. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, प्राप्तिकरात तो खर्च धरला जात नाही. मानधन बँक खात्यातच जमा करा. आणि सदस्याच्या सुनेला शिक्षिका नेमायचं असेल, तर आधी दोनदा विचार करा. पदाधिकाऱ्यांच्या नातलगांना अवाजवी फायदा दिल्याचं दिसलं, तर करमाफी धोक्यात येते.

३१ मार्चला वर्ष बंद करा, सीएकडून ऑडिट करून घ्या. तो अहवाल सहा महिन्यांच्या आत धर्मादायला गेला पाहिजे. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादीही द्यायची असते. जागा-जमीन मिळाली तर आनंदच, पण ती पुढे विकायला धर्मादाय कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते.

पॅन आलं की १२ए आणि ८०जीचे अर्ज एकदमच करा. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. इथे एक खड्डा आहे : काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो, आणि तुमचं काम तर आधीच सुरू आहे. ‘तीन वर्षं आहेत ना’ म्हणून बसलात तर मुदत हुकते. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, तोंडी मात्र जुनेच राहिलेत, तेव्हा सीएशी बोलताना दोन्ही विचारून घ्या. ८०जीचा फार गाजावाजा करू नका. २,००० च्या वरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, आणि नव्या कररचनेत गेलेल्या नोकरदाराला तिचा उपयोगच नाही. पावतीवर नाव, पत्ता, पॅन घ्या, कारण ज्यांना सवलत हवी त्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरावं लागतं. ‘एक हितचिंतक’ असं लिहिलेल्या पावत्यांचा ढीग साठू देऊ नका.

भाच्याचं उत्तर त्याच्या पासपोर्टवर आहे. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन फाईलला लावा. त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, किंवा तिथल्या मित्रांकडून, कंपनीकडून गोळा करून पाठवणार असेल, तर एक रुपयाही घेऊ नका. त्याला एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत कामावर झालेला १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. तो टप्पा तुमचा अजून दूर आहे.

पाडे पेसा क्षेत्रात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) असतील तर ग्रामसभेत वर्गाचा ठराव घ्या. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, संध्याकाळी एकटं कोणी मुलांबरोबर राहायचं नाही. काही गैर घडल्याचं कळलं तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘गावात मिटवू’ चालत नाही. शिकवणाऱ्या तिन्ही मुलींना १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक आणि हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

शेवटची वही मुलांच्या हजेरीची. तीन वर्षांनी सीएसआरवाले हिच्यासाठीच येतील. नावापुढे तीन रकाने वाढवा : गेल्याची तारीख, कोणत्या कारखान्याच्या पट्ट्यात आणि मुकादमाचा फोन, परतल्याची तारीख. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून जाणाऱ्या मुलांची शिक्षण हमी कार्डं (जातील तिथल्या शाळेत बसता यावं यासाठीची) मागा. हंगामी वसतिगृह मंजूर होणार असेल, तर कोणती मुलं आजीकडे मागे राहतील तेही तेव्हाच ठरतं. वाचनाची चाचणी प्रत्येकाची दोनदा घ्या, जाण्याआधी आणि आल्यावर, आणि निकाल त्याच ओळीत लिहा. उतारा मात्र दोन्ही वेळा वेगळा ठेवा, एकच ठेवलात तर मुलांना तो तोंडपाठ होतो.